सतरा महिन्यांची जिप्सी

२००२ सालची, बंद पडलेली मारुती जिप्सी विकत घेऊन तिच्यातून पहिल्या मुक्कामाला जायला मला सतरा महिने लागले. त्यातले जवळजवळ नऊ महिने नुसते कागदांत गेले. सुरुवातीला मला हे कुणी सांगितलं असतं तर मी कामांचा क्रम वेगळा लावला असता आणि निदान चौदा हजार रुपये वाचवले असते. म्हणून तारखा आणि आकडे आठवतायत तोवर लिहून ठेवते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. उजनीच्या कालव्यांच्या कडेने साहेबांना घेऊन जीप चालवण्यात त्यांची नोकरी गेली. लहानपणी मे महिन्यात कधी मला सोबत न्यायचे. जीपच्या बंपरला पुढे छागल, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी, टांगलेली असायची आणि दुपारच्या फुफाट्यात तिच्यातलं पाणी दातांना लागेल इतकं गार असायचं. आता अप्पा ७१ वर्षांचे आहेत. २०२२ मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं बाहेर पडणंच थांबलं. सोलापुरातल्या घरात दिवसभर खिडकीशी बसून असायचे. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, गाड्यांतलं मला काही कळत नव्हतं. पण अप्पांना कळतं, हे मला माहीत होतं.

जिप्सीच का, तर तीन कारणं. पेट्रोल गाडी, वजन हजार किलोच्या आसपास, आणि फोर व्हील ड्राइव्ह. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली आणि सैन्याने ती इतकी वापरली की तिचे पार्ट आजही मिळतात. जुनी गाडी घेताना हा विचार सगळ्यात आधी करावा. पार्ट मिळत नसतील तर कितीही देखणी गाडी असो, ती अंगणातच उभी राहणार.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मैंदर्गीच्या बाजूला एका शेतात जिप्सी उभी असल्याचं कळलं. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी, तिच्यावर कडबा रचलेला, मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. मालक २०२१ मध्ये वारले होते. मुलगा गाडी विकायला काढत होता. त्याची आई ओट्यावर बसून कानडीत अप्पांशी बोलत होती. गाडी घेणाऱ्याने ती मोडीत घालू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. "अव्वा, चालवायलाच घेतोय," अप्पांनी तिला सांगितलं.

अप्पांनी स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि त्याच्या मुठीने चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकत पुढून मागे गेले. जिथे पत्रा जाड आहे तिथे ठण्ण आवाज येतो. जिथे आतून गंजाने खाल्लंय तिथे आवाज बसका येतो, मडकं फुटलेलं असल्यासारखा. फ्लोअरचा पत्रा ड्रायव्हरच्या पायाशी बसकाच होता, तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर आरपार गेलं. चेसी मात्र वाजत होती. मागच्या पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) शॅकलपाशी, म्हणजे ते चेसीला जोडतात तिथे, चिखल आणि ऑइलचा बोटभर थर होता, तिथे आम्ही खरवडून पाहिलं नाही. तुम्ही जाल तेव्हा एक लोखंडी ब्रश आणि डिझेलची बाटली बरोबर न्या आणि नेमक्या अशाच जागा साफ करून पाहा.

मुलाने १,७५,००० सांगितले, १,४०,००० वर ठरलं. मी त्यातले फक्त ४०,००० आगाऊ दिले आणि उरलेले कागद पूर्ण झाल्यावर द्यायचे असं १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. (आता त्याला ५०० चा लागतो.) गाडी टोचन करून आणायला ४,५०० लागले. ४ नोव्हेंबर २०२३ ला ती होटगी रोडच्या एका गॅरेजमध्ये उतरली.

आता कागद. आरसी घरी आणून नीट वाचली तेव्हा तीन गाठी दिसल्या. एक, नाव मयत मालकाचं. दोन, नोंदणीची मुदत जुलै २०२२ लाच संपलेली. २००२ पासून पंधरा वर्षं, मग २०१७ ला पाच वर्षांचं नूतनीकरण, पुढे काहीच नाही. तीन, आरसीवर अजून कर्जाचा बोजा. २००२ चं कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण बोजा उतरवायचा फॉर्म कुणी भरलाच नव्हता.

आम्हाला मिळालेला क्रम असा होता: आधी बोजा उतरवायचा, मग गाडी वारसाच्या नावावर करायची, मग नूतनीकरण, आणि शेवटी माझ्या नावावर. चारही पायऱ्यांना वेगळे अर्ज, वेगळ्या फी. एक गोष्ट सोपी होती. गाडी एमएच-१३ ची आणि मी राहते सोलापुरात, त्यामुळे दुसऱ्या कार्यालयाची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागला नाही. अकलूजची पासिंग एमएच-४५ आहे. जिल्ह्यातलीच गाडी घेतलीत तरी नंबरप्लेट बघून घ्या.

बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो आणि त्यावर कर्ज देणाऱ्याची सही-शिक्का, शिवाय त्यांचं नाहरकत पत्र. कर्ज देणारी संस्था मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. जुनी शाखा नाही, जुनं खातेपुस्तक शेतकऱ्याच्या घरात मिळेना. मी आणि तो मुलगा मिळून पाच वेळा गेलो. दर वेळी "रेकॉर्ड हेड ऑफिसला आहे" हेच उत्तर. शेवटी अव्वाने लोखंडी पेटीतून एक पिवळी पडलेली पावती काढून दिली, शेवटच्या हप्त्याची. ती जोडून लेखी अर्ज दिला, अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली, आणि मग पत्र मिळालं. सात आठवडे लागले. तोंडी विचारत बसलो ते दिवस वाया गेले. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. त्याला मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, चालू विमा. इथे एक अडचण आली जिचा विचारच केला नव्हता. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो नंबर मयत मालकाचा, बंद झालेला. आधी मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज, तो मंजूर झाल्यावर पुढचं सगळं. व्यवहार ठरवण्याआधी हा नंबर कुणाकडे आहे ते विचाराच, आणि परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून ई-चलन बाकी आहे का तेही बघा. आमच्यावर एक जुनं चलन निघालं, ते मुलाने भरलं.

हे सगळं चालू असताना गॅरेजमध्ये काम सुरू होतं. मिस्त्री साठीचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. जिप्सीवर त्यांनी वीस वर्षं हात चालवलेला. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, इंजिनची काळजी करू नका. इंजिन बोलतं. चेसी बोलत नाही." अप्पा रोज दहाला रिक्षाने गॅरेजला जायला लागले. चाचांनी त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. डिसेंबरपर्यंत अप्पा खुर्चीवरून उठून पाने हातात द्यायला लागले होते. मी कॉलेज सुटल्यावर जायची, तेव्हा दोघं चहा पीत डिफरन्शियलवर बोलत असायचे.

इंजिन १,२९८ सीसीचं, एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनचं. हेड उघडलं, व्हॉल्व्ह बसवले, गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट मिळून ४८,०००. रेडिएटरचा कोर नवा भरला, ६,५००. सोलापूरच्या उन्हाळ्यात रेडिएटरवर काटकसर करू नये. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर मऊ पडून गळायला लागतं, आणि गळणारं पेट्रोल गरम इंजिनशेजारी ही गोष्ट परवडणारी नाही. खर्च फक्त १,८०० आला.

सगळ्यात जास्त दिवस पुढच्या अॅक्सलने घेतले. गाडी पहिल्यांदा चालवली तेव्हा ताशी ५५-६० ला खड्डा आला की स्टीअरिंग दोन्ही हातांत थडथडायचं, ब्रेक मारल्याशिवाय थांबायचं नाही. चाक बॅलन्स केलं, काही फरक नाही. मग चाचांनी पुढचं चाक उचललं, वरून आणि खालून धरून हलवलं आणि मला हात लावायला सांगितलं. तळव्याला हलकी टकटक जाणवत होती. किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं तिचे, बेअरिंग झिजलेले. नकलचे, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या त्या सांध्याचे, सीलही गेले होते, आत ग्रीसच्या जागी चहाच्या रंगाचं पाणी. बेअरिंग आणि सील दिल्लीच्या काश्मिरी गेटहून ट्रान्सपोर्टने मागवले, यायला अकरा दिवस. बसवताना वर-खाली शिम (पातळ चकत्या) घालून स्प्रिंगकाट्याने नकल ओढून बघायची असते. चाचांनी तीन वेळा उघडून परत बसवलं, मनासारखं होईपर्यंत. पाटे उतरवून त्यांची कमान पुन्हा मारून आणली, सगळे बुश, शॉकअब्सॉर्बर, पुढचे डिस्कपॅड, मागच्या ड्रममधले लायनर. या सगळ्याचे ६२,००० झाले. गाडी जेवढी उंच होती तेवढीच ठेवली. पाटे वाढवून उंच करायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता, पण त्याने स्टीअरिंगचे सगळे कोन बदलतात आणि पासिंगलाही अडचण येते.

माझी चूक इथे झाली. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत चाचांचं गॅरेज आठवडाभर बंद होतं. पार्टही यायचे होते. तेवढ्यात बॉडीचं काम उरकून घेऊ म्हणून मी गाडी डेंटिंग-पेंटिंगला दिली. फ्लोअरचे पॅच मारले, गंज काढला, रेडऑक्साइड, पुट्टी, प्रायमर, रंग. ३८,००० दिले. गाडी इतकी सुंदर दिसत होती की अप्पांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. फेब्रुवारीत चाचांनी मागचे पाटे उतरवायला घेतले, तो चिखलाचा थर खरवडला, आणि शॅकलच्या ब्रॅकेटपाशी चेसीला चार इंचांची चीर निघाली. ती वेल्डिंग करायला बॉडी बोल्टवरून उचलावी लागली, आतून प्लेट मारावी लागली, आणि वेल्डिंगच्या आचेने मागच्या पॅनेलचा नवा रंग फुगून आला. चेसीचं आणि फ्लोअरचं मिळून ३१,०००, आणि रंग पुन्हा १४,०००. त्या संध्याकाळी मी गॅरेजमधून चालत घरी आले. रिक्षा करायचंही सुचलं नाही. अप्पा रात्री एवढंच म्हणाले, "चीर रस्त्यावर सापडली असती तर?" आधी खालचं, मग आतलं, मग वरचं. हा क्रम मोडू नका, हातात मोकळा आठवडा आला तरीही.

रंगाबद्दल अजून एक. मला सैन्याच्या जिप्सीसारखा गर्द हिरवा रंग हवा होता. तो रंग खासगी गाडीला देताच येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ ने ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी ठेवलाय. दुसरा कुठलाही रंग द्यायचा तर आरसीवर तशी नोंद करावी लागते. आमच्या कागदांच्या रांगेत आणखी एक अर्ज वाढवायची माझी तयारी नव्हती. आरसीवर पांढरा होता, पांढराच ठेवला.

मार्च २०२४ मध्ये बोजा उतरला. वारसाच्या नावाचं काम एप्रिलमध्ये मार्गी लागलं. मग लोकसभेची निवडणूक आली. सोलापूरचं मतदान ७ मेला होतं, सगळीकडे कर्मचारी त्या कामाला लागलेले, मलाही ड्यूटी होती. एप्रिलचे दोन आठवडे प्रशिक्षणात गेले. त्या काळात कागदांचं काही हलणार नाही हे धरूनच चालले. ४३ अंशांत गॅरेजमध्ये उभं राहवत नव्हतं, म्हणून वायरिंगचं काम सकाळी सात ते दहा चालायचं. जुनी वायर हातात घेतली की तिचं वेष्टण वाळक्या शेंगेसारखं तुटून पडायचं. सगळी वायर नवी ओढली, ९,०००.

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर. फी तेव्हा ५,००० रुपये, आणि उशिराचा दंड दर महिन्याला ५०० प्रमाणे. जुलै २०२२ पासून मोजून आम्हाला २३ महिन्यांचे ११,५०० लागले. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचा पर्यावरण कर तेव्हा पाच वर्षांसाठी ३,००० होता. विमा, पीयूसी, प्रतिज्ञापत्रं, बाकीच्या फी धरून कागदांचा एकूण खर्च २७,००० च्या आसपास गेला. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरण फी १०,००० झाली आहे, तेव्हा आता कुणी घेत असेल तर हिशेबात तो आकडा धरा.

१९ जूनची पासिंगची तारीख मिळाली. विजापूर रोडच्या आरटीओ कार्यालयात सकाळी साडेनऊला गाडी लावली. निरीक्षकांनी दोन गोष्टी काढल्या. बंपरपुढचा लोखंडी गार्ड, ज्यावर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातलीय, आणि तो जुन्या मालकाने बसवला असला तरी उतरवायची जबाबदारी माझी होती. दुसरं म्हणजे चेसी नंबर वाचता येत नव्हता. रंगाऱ्याने त्यावर रंगाचे दोन थर मारले होते. दोन्ही हरकती रास्त होत्या. परत जाऊन गार्ड उतरवला. चेसी नंबरसाठी अप्पांनी स्वतः हात लावला. थिनरने रंग मऊ केला, कापडाने पुसला, खाली पुन्हा गंजाची पुटं होती ती डिझेल आणि पितळी ब्रशने काढली. लोखंडी ब्रश वापरायचा नाही, अक्षरांच्या कडा घासल्या जातात. मग पांढरा कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली. एकेक अक्षर कागदावर उमटत गेलं. शेवटचे दोन आकडे आले तेव्हा अप्पांनी कागद उजेडात धरला आणि आरसीशी मोठ्याने वाचून ताडून पाहिला, दोनदा. २८ जूनला पासिंग झालं. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली.

जुलैत फॉर्म २९ आणि ३० वर मुलाच्या आणि माझ्या सह्या झाल्या. मी उरलेले एक लाख त्याला दिले. अव्वासाठी एक सोलापुरी चादर घेऊन गेले होते. १४ ऑगस्टला माझ्या नावाची आरसी टपालाने घरी आली. पाकीट अप्पांनी फोडलं.

त्यानंतर मुक्कामाची तयारी. पैशांची ओढ होती, म्हणून सप्टेंबर ते फेब्रुवारी हळूहळू केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, म्हणून मी ठरवलं की जे बसवायचं ते बोल्ट काढून तासाभरात उतरता आलं पाहिजे. मागची सीटं तशीच ठेवली, त्यांच्यामधल्या जागेत सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायचा खण करून घेतला. त्याचं झाकण मागचं दार उघडलं की बाहेर पडतं आणि ओटा होतो. टायर पाच नवे, मूळ मापाचेच, २०५/७० आर १५, ३२,५००.

जिप्सीत मागे पाय पसरून झोपता येत नाही, हे आधीच मोजून पाहिलं होतं. म्हणून गाडीला लागून ताडपत्रीचा पडदा आणि त्याखाली साधा तंबू. अप्पांसाठी घडीची खाट, कारण जमिनीवरून उठताना त्यांचा गुडघा धरतो. ताडपत्री शिवणाऱ्याकडे आम्ही दोघं गेलो. त्याने गाडीचं माप घेतलं, कडेला दोरी घालून पितळी डोळे ठोकून दिले, ३,२००. एका बाजूच्या दोन बांबूंवर आणि गाडीच्या टपावर ती उभी राहते.

पाण्याचं मात्र आम्हाला शिकायला लागलं नाही. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथल्या माणसाला पाणी साठवणं आणि पुरवणं अंगवळणी पडलेलं असतं. वीस लिटरचे दोन कॅन, एकाला खाली तोटी. हात धुतलेलं पाणी टबात, तेच भांड्यांच्या पहिल्या हाताला. दोन माणसांना दोन दिवस आरामात पुरतं. कॅन पुढच्या सीटच्या पाठीला लागून ठेवले, म्हणजे ४० किलो वजन गाडीच्या मध्यावर राहतं. गॅसची शेगडी एका बर्नरची आणि पाच किलोची छोटी टाकी. टाकी नेहमी उभीच, पट्ट्याने बांधलेली, आणि स्वयंपाक गाडीच्या बाहेरच.

विजेसाठी ४२ अँपिअर-तासाची दुसरी बॅटरी. बारा व्होल्टने गुणलं तर ५०० वॉट-तास होतात, पण शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाती २५०. पाच वॉटचे दोन दिवे सहा तास, दोन मोबाइल, छोटा पंखा, एवढ्याला पुष्कळ. मध्ये रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) घातला, म्हणजे इंजिन चालू असतानाच ती चार्ज होते आणि रात्री मुख्य बॅटरीला हात लागत नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. वायर कुठेही घासून शॉर्ट झाली तरी प्रवाह तिथेच तुटेल. या सगळ्या सामानाचे, खाट-तंबूसकट, ४७,००० झाले. गाडीच्या किमतीपासून सगळं धरून साडेचार लाखांच्या थोडं पुढे.

छागल बाजारात शोधली, मिळाली नाही. मग त्याच ताडपत्रीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "वडील शिवायचे आमचे. लई वर्षं झाली." त्याने दुकानात मागे जाऊन जाड सुती कॅनव्हास काढला. प्लास्टिकचा लेप असलेली ताडपत्री चालत नाही, पाणी कापडातून पाझरलंच पाहिजे. पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडून जाताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतं, आणि म्हणून आतलं पाणी गार होतं. हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवते. आपल्याकडची उन्हाळ्यातली कोरडी हवा याला फार चांगली, दमट कोकणात छागल एवढी गार करणार नाही. त्याने दुहेरी शिवण घातली, वर लाकडी बूच बसवलं. पहिल्या दिवशी भरली तर तासाभरात अर्धी गळून गेली. अप्पा म्हणाले, दोन रात्री बादलीत बुडवून ठेव. धागा फुगला आणि गळती थांबली. कापड फक्त ओलसर राहायला लागलं.

मार्च २०२५ मध्ये नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली. एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे, चारचाकीला तेव्हा ७४५ रुपये आणि वर जीएसटी लागला. ऑनलाइन तारीख घेऊन जायचं, वीस मिनिटांत झालं.

आणि १५ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, निघालो. पहिला मुक्काम लांब करायचा नाही असं चाचांनी बजावलं होतं: "ताई, पहिल्या रात्री टोचनवाला येऊ शकेल एवढ्यातच जा." तेव्हा ते मला ताई म्हणायला लागले होते. हत्तरसंग-कुडल सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटर, मंद्रूपवरून पुढे. तिथे सीना भीमेला मिळते. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, जो वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ असलेला. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या वाळूत आम्ही तंबू लावला नाही. जवळच्या एका शेतकऱ्याला विचारलं, त्याने ज्वारी काढलेल्या रानात जागा दाखवली. नान्नजच्या माळरानाचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण ते माळढोक अभयारण्य आहे, तिथे रात्री राहायचं नाही.

बांधावरून रानात उतरताना ढेकळं मऊ होती. मी उतरून पुढच्या दोन्ही हबची चकती लॉकवर फिरवली, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, आणि परत बसून छोटा दांडा फोर-एलला, म्हणजे चारही चाकांच्या हळू पण जोरकस गिअरला टाकला. गाडी क्लच सोडल्यावर माणसाच्या चालीने उतरली, कुठेही घसरली नाही. अप्पा शेजारी बसून बाहेर पुढच्या चाकाकडे बघत होते. "ब्रेक नको, इंजिनावर सोड," एवढंच बोलले.

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि शेतकऱ्याने आणून दिलेले कांदे. कडक भाकरी डब्यात आठवडाभर टिकते, प्रवासाला यापेक्षा सोयीचं काही नाही, दह्यात चुरून खाल्ली की जेवण होतं. पौर्णिमा आदल्या दिवशीच झालेली, चंद्र नदीपलीकडून उशिरा वर आला. अप्पा खाटेवर सोलापुरी चादर अंगावर घेऊन बसले होते. बंपरला टांगलेली छागल दिवसभराच्या वाऱ्याने गार झालेली. मी पेल्यात ओतून दिलं. त्यांनी एक घोट घेतला, पेला कपाळाला लावला, मग उरलेलं प्यायले आणि पेला पुन्हा पुढे केला.

सकाळी गाडीखाली वाकून पाहिलं तर मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर ऑइलचा ओघळ आलेला. फोटो काढून चाचांना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. "अॅक्सलचं सील आहे. हळू या, सोमवारी बसवतो. काकांना फोन द्या." मग अप्पा आणि ते पाऊण तास बोलत होते, आणि मी तोवर तंबू गुंडाळला.